सतरा माणसं, नऊ गाड्या, एक दरी

नागपूरकराला डोंगर चढायचा असेल तर आधी पेट्रोल पंप गाठावा लागतो, हे भूगोलानेच ठरवून टाकलंय. पुण्याच्या माणसाला गच्चीवरून सिंहगड दिसतो, आपल्याला शेजाऱ्याची पाण्याची टाकी. सेमिनरी हिल्सला ‘हिल्स’ म्हणणं हा आपल्या मनाचा मोठेपणा आहे. सीताबर्डीची टेकडी तर सिग्नलला अडकलो तरच लक्षात येते. तेव्हा रविवारचा ट्रेक म्हणजे उत्तरेचा सातपुडा, आणि तिथवर जाण्याचं शास्त्र मी चार पावसाळे घालवून शिकलो आहे. तुम्हाला फुकट देतो.

ठिकाण दूरचं निवडा. रामटेक नको. एक तर ते पन्नास किलोमीटरवर, त्यात गाडी थेट गडावर जाते. सोमवारी ऑफिसात सांगणार काय? मध्य प्रदेशातली पाताळकोटची दरी घ्या. सावनेर, सौंसर, सिल्लेवानी घाट, छिंदवाडा, मग तामियाच्या अंगाने पुढे. जाताना साधारण 200 किलोमीटर, येताना तेवढेच. चालणं तीन तास, बसणं दहा तास. निसर्गप्रेमाला एवढं प्रमाण पुरेसं आहे.

आता ग्रुपवर कोणीतरी लिहिणारच, “आपण सतरा जण आहोत, सतरा सीटची ट्रॅव्हलर करू, माणशी स्वस्त पडेल.” हा माणूस बहुधा बँकेतून निवृत्त झालेला असतो. त्याला ताबडतोब अंगठा द्या, दोन हात जोडा आणि पोह्यांचा विषय काढा. ट्रॅव्हलर कशी चालेल? एकाला संध्याकाळी लवकर परतायचं असतं, कारण साळ्याकडे नामकरण आहे. एकाला दुसऱ्याच्या गाडीत मळमळतं. एकाने नवी गाडी घेतली आहे आणि ती घाटात कशी ओढते ते त्याला पाहायचंय. तिघांना आपापली गाणी ऐकायची असतात. अशा रीतीने एकेक गाडी वाढत नऊ होतात. नऊ गुणिले चारशे, म्हणजे 3600 किलोमीटर. आपल्या शहरातून जाणारा 44 नंबरचा महामार्ग श्रीनगरहून कन्याकुमारीपर्यंत पोचतो तो याहून थोडाच लांब आहे. आणि हे सगळं कशासाठी, तर प्रदूषणापासून दूर चार घटका मोकळा श्वास घ्यावा म्हणून.

जमायची वेळ पहाटे साडेचार, मानकापूर चौक. ही वेळ पाळायची नसते, पाठवायची असते. तुम्ही चुकून वेळेवर पोचलात तर चौकात तुम्ही, दोन कुत्री आणि तो बँकवाला एवढेच असाल. फोन लावा.

“कुठी आहे बे?”

“निघालो ना भाऊ. पाचच मिनिटं. कोराडी रोडलाच लागलो समज.”

मागे बादलीत नळ सोडल्याचा आवाज येत असतो. त्यावर काही बोलू नका. पुढच्या खेपेला तो आवाज तुमच्याकडून यायचा आहे.

सव्वासहाला ताफा हलतो आणि सावनेरला थांबतो, कारण तर्री पोहे. इथे घाई करणाऱ्याला ग्रुपमधून काढावं असं माझं स्पष्ट मत आहे. पोह्यांवर चण्याची तर्री, वर कच्चा कांदा, लिंबू, मग पुन्हा नुसती तर्री, आणि नाकातून पाणी आलं की “अजून थोडी टाका ना जी.” हा ट्रेकमधला पहिला चढ. नऊ गाड्या मात्र नऊ जागी लावा, म्हणजे ट्रकवाल्यांनाही कळेल की गिर्यारोहक आले आहेत.

सावनेरलाच रस्ता फुटतो. एक पांढुर्णा धरून बैतूलकडे जातो, दुसरा सौंसरवरून छिंदवाड्याला. नियम असा की ज्या गाडीत सगळ्यांचे डबे आहेत, तीच पांढुर्ण्याकडे जाते. चालवणारा फोन उचलत नाही, कारण नकाशा त्याच फोनवर लावलेला असतो. उरलेल्या आठ गाड्यांनी संत्र्याच्या बगीच्यापाशी पाऊण तास थांबून ‘लाइव्ह लोकेशन’ पाहत राहावं. निळा ठिपका आपल्यापासून लांब लांब जातोय, हे दृश्य फार शांतवणारं असतं.

सिल्लेवानी घाटात धुकं असेल तर ऐन वळणावर गाडी उभी करून फोटो काढा. सरळ रस्त्यावर काढलेल्या फोटोत घाट येत नाही. माकडांना बिस्किटं द्या. मग ती बॉनेटवर बसली की नव्या गाडीवाल्याचा चेहरा पाहा.

शेवटी पाताळकोट. घोड्याच्या नालेसारखी दरी, बाराशे-पंधराशे फूट खोल, तळाशी भारिया आणि गोंड आदिवासींची गावं, दूधी नदी. वर काठावर उभं राहिलं की घरं काडेपेटीएवढी दिसतात. अकरा वाजून गेलेले असतात, ऊन डोक्यावर. आता मुख्य काम, पार्किंग. पायवाट जिथे सुरू होते तिच्या जितकं जवळ लावता येईल तितकं लावा. चालायला आलोय म्हणून काय झालं, त्याआधी शंभर पावलं उगाच का चालायची? आमची सातवी गाडी पायवाटेच्या तोंडावर इतकी नेमकी बसली होती की आम्हालाच आडवं होऊन दरीत शिरावं लागलं. त्यात बाजाराची एक जीप आली. आत माणसं, टपावर कांद्याची पोती, मागच्या फळीवर तिघं लटकलेले. मी मोजली, बावीस माणसं होती. ड्रायव्हर हॉर्न न वाजवता उतरला, बिडी पेटवली आणि आम्ही नऊ गाड्या पुढे-मागे घेईपर्यंत पाहत राहिला. बँकवाला त्या जीपकडे फार वेळ बघत होता. मी त्याला म्हटलं, “चाला काकाजी, उशीर होऊन राहिला.”

इथे एक तांत्रिक मुद्दा. बाकीच्या ट्रेकमध्ये आधी चढ असतो, दम लागला की माणूस परत फिरतो. पाताळकोटात आधी उतार. तर्री पोटात, गाणं तोंडात, सगळे सपासप खाली. चढ परतीला भेटतो, तेव्हा पाणी संपलेलं असतं, कारण पाण्याचे जार डब्यांच्या गाडीत होते. तिसऱ्या वळणावर आम्ही दगडावर बसून हृदयाचे ठोके मोजणारी घड्याळं एकमेकांना दाखवत होतो, तेवढ्यात डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक म्हातारी वर निघाली. पायात स्लीपर, एकीचा अंगठा तारेने बांधलेला. ती थांबली, आमच्या काठ्या पाहिल्या, बूट पाहिले.

“पैदल आए क्या इत्ती दूर से?” तिने काळजीने विचारलं.

कोणी उत्तर दिलं नाही. दम लागला होता.

माझी आजी सांगायची, ते लोक महादेवाला जायचे तेव्हा गावातली चाळीस माणसं एकाच ट्रकमध्ये, डाळ-तांदूळ आणि गंज-पातेली बरोबर, मग खांद्यावर त्रिशूळ घेऊन “हर बोला हर हर महादेव” करत पचमढीजवळच्या चौरागडाच्या पायऱ्या. पण त्यांचं काय, त्यांना पार्किंगचा अनुभव नव्हता.

परतताना रात्री समोरच्याच्या डोळ्यांवर प्रखर दिवे मारा, जांभया द्या, सावजीला थांबा. घरी साडेअकरा.

पुढचा बेत पचमढीच्या धूपगडचा होता. उंची 1352 मीटर, सातपुड्यातलं सर्वांत उंच शिखर, आणि वाहन जवळजवळ माथ्यापर्यंत जातं म्हणे. ग्रुप नुसता उसळला, एका रात्रीत चौदा नावं आली. मग बँकवाल्याने लिहिलं की पचमढीत आपली गाडी खाली ठेवून तिथली भाड्याची जिप्सी करावी लागते, सहा-सहा जण मिळून.

सध्या तीन नावं आहेत. त्यातलं एक त्याचंच.