स्टीफन एव्हर्ट्सची दहा जगज्जेतेपदे आयती नव्हती

मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या खडबडीत मार्गावरची मोटरसायकल शर्यत. त्यातला बेल्जियमचा स्वार स्टीफन एव्हर्ट्स याच्याविषयी एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. वडील जगज्जेते असल्याने त्याला सारे आयते मिळाले, यामाहाच्या गाडीने त्याला जिंकवले, त्याने सोपे गट निवडले आणि अमेरिकन स्वार समोर नव्हते म्हणून दहा जगज्जेतेपदे जमली, असे त्यात म्हटलेले असते. यातले एकही विधान नोंदींपुढे पूर्णपणे टिकत नाही.

वडिलांपासून सुरुवात करू. हॅरी एव्हर्ट्स चार वेळा जगज्जेते होते, 1975 मध्ये 250 सीसी गटात (गट इंजिनाच्या क्षमतेनुसार ठरत) आणि 1979 ते 1981 सलग तीन वर्षे 125 सीसी गटात. घरात गाडी, मार्गदर्शन आणि ओळखी होत्या, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु वारसा जगज्जेतेपद मिळवून देत असता, तर 1991 मध्ये अठराव्या वर्षी 125 सीसीचे विजेतेपद मिळवणाऱ्या मुलाला दुसऱ्यासाठी 1995 पर्यंत थांबावे लागले नसते. 1997 नंतरचा खंड तर याहून बोलका आहे. 1998 मध्ये अखेरच्या फेरीपर्यंत ताणल्या गेलेल्या लढतीत फ्रान्सच्या सेबास्तियाँ तोर्तेलीने त्याला मागे टाकले, पुढची दोन वर्षे दुखापतींनी खाल्ली, आणि 2001 मध्ये तो परतला तेव्हा तो संपला असे मानणारे कमी नव्हते. त्या काळात वडिलांचे नाव तेच होते, तरीही पदरात काही पडले नाही.

यामाहाचा मुद्दा तर नोंद न पाहताच लिहिलेला दिसतो. 1991 चे विजेतेपद सुझुकीवर, 1995 चे कावासाकीवर, 1996 आणि 1997 ची होंडावर आली. यामाहावरची सहा त्यानंतरची. चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांवर जगज्जेता होणाऱ्याचे यश एका कंपनीच्या खात्यावर टाकता येत नाही. त्याची शैली पाहिली तर कारण उमगते. चाकोऱ्यांनी भरलेल्या वळणात इतर स्वार सीटवर बसून आतला पाय पुढे काढतात, तेव्हाही एव्हर्ट्स शक्यतो फूटरेस्टवर उभा राहत असे, गुडघ्यांनी गाडी पकडून, इंजिन पिळून न काढता, एक गियर वरचा ठेवून. खड्ड्याचा धक्का गुडघ्यांतच जिरे, आणि चाळीस मिनिटांची शर्यत संपत आली तरी त्याचे हात शाबूत असत. ही शैली कोणताही कारखाना गाडीसोबत देत नाही.

सोप्या गटाचा आरोप 2001 आणि 2002 च्या 500 सीसी विजेतेपदांवर असतो. त्याच गटात त्याचा देशबांधव जोएल स्मेट्स होता, ज्याने 2000 पर्यंत तो किताब चार वेळा जिंकला होता. तरीही कोणाला शंका उरली असेल, तर 2003 मध्ये तीही मिटायला हवी होती. त्या वर्षी 250 सीसी दोन-स्ट्रोक आणि 450 सीसी चार-स्ट्रोक गाड्या एका मुख्य गटात आल्या, आधीची दोन वर्षे 250 सीसीचा जगज्जेता असलेला मिकाएल पिशोंही तिथेच होता, आणि विजेतेपद एव्हर्ट्सला मिळाले. त्याच मोसमात फ्रान्समधील एर्ने येथे तो एका दिवसात 125, 450 आणि 650 या तिन्ही गटांत उतरला आणि तिन्ही शर्यती जिंकला. गाडी बदलली की वजन, इंजिनाची ओढ आणि ब्रेक लावण्याची जागा बदलते, आणि तेही आधीच्या शर्यतीचा थकवा अंगात असताना. मला त्याच्या कोणत्याही किताबापेक्षा ही दुपार मोठी वाटते.

अमेरिकन स्वारांबद्दलच्या विधानात थोडे तथ्य आहे. तिथले अव्वल खेळाडू बहुधा स्वतःच्या देशातल्या मालिकेतच खेळत, त्यामुळे दरवर्षीची थेट तुलना होत नव्हती. मात्र जागतिक स्पर्धेचे दार त्यांना बंद नव्हते: ट्रॅम्पस पार्कर, डॉनी श्मिट आणि बॉब मूर हे अमेरिकन 1989 ते 1994 या काळात इथेच जगज्जेते झाले. सगळे एकत्र येत ते ‘मोटोक्रॉस ऑफ नेशन्स’ या देशांच्या संघांमधल्या स्पर्धेत. 2003 मध्ये झोल्डर येथे अव्वल स्वार रिकी कार्मायकलसह आलेला अमेरिकन संघ एव्हर्ट्स आणि स्मेट्स असलेल्या बेल्जियमच्या मागे राहिला. 2005 आणि 2006 मध्ये अमेरिका जिंकली, हेही तितकेच खरे. 2006 च्या त्या मोसमात तेहतीस वर्षांच्या एव्हर्ट्सने पंधरापैकी चौदा ग्रांप्री (जागतिक स्पर्धेच्या फेऱ्या) जिंकल्या आणि एकूण 101 ग्रांप्री विजयांवर निवृत्ती घेतली. तो आकडा ओलांडायला नेदरलँड्सच्या जेफ्री हर्लिंग्सला 2023 उजाडले.