आंब्याच्या झाडावरचं कॅन्यनिंग : 'कातळवेडा' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार कातळवेडा साहेब,

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो असतो, तर बोटांवर ताबा राहिला नसता. म्हणून थोडं थांबलो. तरी कुठे तिखट लागलं तर सांभाळून घ्या, फोडणी तुम्हीच घातली आहे.

ज्यांनी खालच्या प्रतिक्रिया वाचलेल्या नाहीत त्यांच्यासाठी. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की कॅन्यनिंगमध्ये, म्हणजे दोराने दरीतल्या ओढ्या-धबधब्यांतून खाली उतरत जाण्यात, वरच्या श्रेणीचे दरीमार्ग करायची घाई झालेल्यांनी दोरकाम आधी एखाद्या भक्कम झाडावर पक्कं करावं. मग कोरडा कडा, मग पाऊस ओसरल्यावर बारीक धारेचा ओढा, आणि सगळ्यात शेवटी जोराचं पाणी. आम्ही हे परळी खोऱ्यात, आमच्या शेतातल्या आंब्यावर करतो, त्याचे फोटोही टाकले होते. त्यावर कातळवेडा, सांगली, लिहितात : "आंब्याला दोर टांगून कॅन्यनिंग येत असतं तर सगळी माकडं गाईड झाली असती. पाण्यात शिकायचं ते पाण्यातच शिकावं लागतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेल्यांनी पोरांच्या जिवाशी खेळू नये." पुढे दोराच्या टोकाची गाठ, एका फोटोतलं हेल्मेट, मी कुठला कोर्स केला, किती मार्ग केले, आणि सह्याद्रीत खरं कॅन्यनिंग नसतंच, असे मुद्दे आहेत.

हळकुंडाची म्हण सांगलीकराने वापरावी हे रास्तच आहे, हळदीची पेठ तुमची. पण माकडं? आमच्या आंब्याखाली बँकेतून निवृत्त झालेले एक काका येतात, दोघी शिक्षिका येतात, रात्रपाळी करून थेट एमआयडीसीतून येणारा एक फिटर येतो. ही माणसं रविवारची झोप मोडून एकच गाठ पुन्हा पुन्हा बांधतात आणि सोडतात. तुमचा राग माझ्यावर असेल तर मला बोला. मी प्रत्येक लेखाखाली माझं नाव आणि गाव लिहितो. तुम्ही टोपणनावाने लिहिता, तो तुमचा अधिकार, पण टोपणनावाआडून दुसऱ्याच्या घरी येणाऱ्यांना माकड म्हणणं आमच्याकडे सभ्यपणात बसत नाही.

हेल्मेटचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. तिसऱ्या फोटोत मागे उभ्या असलेल्या मुलाचा पट्टा सुटलेला दिसतो. तो दोरावर नव्हता, जमिनीवर चहा पीत होता, पण बघणाऱ्याला ते कसं कळावं? फोटो काढून टाकला आहे. धन्यवाद.

आता आंबा. अमेरिकी पद्धतीत दरीमार्गाला १ ते ४ असा दोरकामाचा अंक असतो आणि ए, बी, सी असं पाण्याचं अक्षर. सी म्हणजे वाहतं पाणी. फ्रेंच पद्धतीत उभ्या कड्यांना आणि पाण्याला प्रत्येकी १ ते ७ अशी वेगवेगळी श्रेणी देतात. आपल्याकडच्या लोकांना वाटतं की ३ वरून ४ वर जाणं म्हणजे शंभर फुटी धबधब्यावरून दोनशे फुटी धबधब्यावर जाणं. उंचीने दोर लागतो जास्त, अक्कल तेवढीच लागते. वरच्या श्रेणीत फरक पडतो तो काहीतरी बिघडल्यावर. उतरताना टी-शर्टचं टोक किंवा मोकळे केस डिसेंडरमध्ये (दोरावर उतरायचा वेग आवरणाऱ्या साधनात) ओढले जातात आणि माणूस धारेखाली अडकतो. कोरड्या कड्यावर अशा माणसाला आपण वरून सूचना देत बसतो, तो खालून शिव्या देतो, आणि अर्ध्या तासाने सुटतो. धारेखाली ते चालत नाही. हार्नेसमध्ये, म्हणजे कमरेच्या पट्ट्यांत, निपचित लटकणं आधीच धोक्याचं, त्यात थंड पाण्याचा मारा. हातात मोजकी मिनिटं असतात.

म्हणून वर दोर कायमचा आवळून बांधायचा नसतो. ओझं असतानाही सोडता येईल असा बांधायचा, म्हणजे इटालियन हिच (ओझं असतानाही दोर हळूहळू सरकू देणारी गाठ), त्यावर तिला रोखून धरणारी म्यूल गाठ. माणूस अडकला की वरच्याने म्यूल सोडायची आणि त्याला दोरासकट खाली घ्यायचं. वाचायला दोन वाक्यं. आंब्यावर आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा लटकलेला गडी जमिनीपासून हातभर वर येऊन थांबला, कारण पिशवीतला राखीव दोर संपला होता. सगळे खो-खो हसले. राखीव दोर निदान कड्याच्या उंचीएवढा हवा हे तेव्हापासून कुणाला सांगावं लागलं नाही. हाच हातभर धबधब्यात कमी पडला असता तर कोण हसलं असतं, साहेब?

आणि आंब्यावर पाणी नसतं असं तुम्ही गृहीत धरलंत. लाईट असेल तेव्हा (थ्री फेजचं वेळापत्रक हा स्वतंत्र लेखाचा विषय) आम्ही विहिरीवरची मोटर चालू करतो आणि दोन इंची पाईप लटकलेल्याच्या हेल्मेटवर धरतो. माणूस काय करतो? श्वासासाठी मान वर करतो, आणि नाकातोंडात पाणी जातं. हनुवटी छातीला टेकवली की हेल्मेटच्या पुढे हवेला थोडी जागा राहते, हे आधी सांगूनही पहिल्या खेपेला कुणाला जमत नाही. पाण्याच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून शिट्ट्या. एक शिट्टी म्हणजे थांब, बाकीच्या निघण्याआधी ठरवायच्या. ब्रेकवरचा हात न सोडता दुसऱ्या हाताने शिट्टी तोंडात धरणं ही गोष्टसुद्धा आंब्याखालीच घोटावी लागते.

वाहत्या धारेची ओढ, कुंडातलं फिरून परत खेचणारं पाणी, शेवाळ, हे झाडावर येत नाही. मी येतं म्हटलंही नव्हतं. लेखातली शेवटची पायरी त्याचसाठी होती, तुम्ही तिथपर्यंत पोचला असतात तर. मी लहानपणी विहिरीत पोहायला शिकलो तो पाठीला सुका भोपळा बांधून. भोपळ्याने पोहणं येत नाही हे माझ्या चुलत्यांनाही माहीत होतं, तरी पहिल्या दिवशी त्यांनी मला मोकळा ढकलला नाही.

माझाच अनुभव विचारता ना, मग ऐका. जावळीतल्या एका ओढ्यात मी एका नावाजलेल्या ग्रुपबरोबर उतरलो होतो. नाव घेणार नाही. त्यांच्या म्होरक्यांनी कित्येकांना धबधब्यांवरून उतरवलेलं, तुमच्या भाषेत पाण्यातच शिकलेले. दुसऱ्या कड्याखाली सगळे जमले आणि दोर ओढायला गेले तर येईना. शेवटचा माणूस वर असतानाच खालच्याने दोर ओढून बघायचा असतो, म्हणजे काही अडलं तर तो वरून सोडवतो. तो सोपस्कार कुणी केला नव्हता. मागे उभा कडा, पुढे आणखी एक उतार, दोर वर, आणि कासच्या बाजूने आभाळ भरून आलेलं. इतक्या जणांत दोरावरून चढता कुणालाच येत नव्हतं, सगळ्यांचा अनुभव फक्त उतरायचा. दोराची दोन्ही टोकं अजून हातात होती, म्हणून दोन्ही पदरांवर मिळून प्रुसिक (ओझं पडलं की दोराला आवळून धरणारे, मोकळे असताना वर सरकवता येणारे फास) लावले आणि मी वर गेलो. एक टोक जरी वर निघून गेलं असतं तरी त्या दोरावर मी जीव टाकला नसता. दोन दोर जोडलेली गाठ काठावरच्या खाचेत रुतली होती. ती काढली, जागा बदलली, उतरलो. प्रुसिकवर चढायला मी कुठे शिकलो ते आता सांगायला नको.

आणि पाण्याबद्दल एवढं बोलता, तर स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकनजवळ साक्सेटेनबाखला २७ जुलै १९९९ रोजी काय झालं ते ठाऊक असेलच. वरच्या अंगाला वादळी पाऊस झाला, ओढ्याला लोंढा आला आणि २१ माणसं गेली. त्यात तीन गाईड होते. पाण्यातली माणसं ती. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत युटामधल्या झायन राष्ट्रीय उद्यानाच्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जण असेच लोंढ्यात गेले, आणि तो मार्ग अवघडांत गणला जात नाही. पोवई नाक्यावर ऊन पडलेलं असतं तेव्हा कासला ढग फुटल्यासारखा कोसळत असतो, हे साताऱ्यात शाळेतल्या पोरालाही कळतं. ओढ्याला पाणी आपल्या डोक्यावरच्या आभाळातून येत नाही, तो जिथून निघतो तिथल्या माथ्यावरून येतं. आत शिरायचं की घरी जायचं हा निर्णय घ्यायला पाण्यात उतरावं लागत नाही.

उरलेलं आटोपतो. दोराच्या टोकाची गाठ : कोरड्या कड्यावर मारा, मीही मारायला लावतो. धबधब्याच्या कुंडात ती गाठ डिसेंडरला येऊन अडकते आणि माणूस पोहायच्या वेळी दोराला जखडलेला राहतो. तिथे दोर पाण्याला टेकेल इतकाच सोडायचा आणि टोक मोकळं ठेवायचं. लेखात "वाहत्या पाण्यात" असं स्पष्ट लिहिलं होतं. तेवढे शब्द गाळून "गाठ मारू नका म्हणतो, हा खुनी सल्ला" असं लिहायचं, याला काय म्हणावं?

कोर्स : उत्तरकाशी आणि दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थांबद्दल मला आदरच आहे. तिथला भर खडक, बर्फ आणि हिमनदीवर असतो. धबधब्याचं शिक्षण त्यातून आपोआप मिळतं असं तिथले लोकही म्हणणार नाहीत. किती मार्ग केले याचा आकडा मी देणार नाही. आकडा दिला की तुम्ही तुमचा द्याल, आणि मग आपण दोघं शेपटीच मोजत बसू.

सह्याद्रीत कॅन्यनिंग नाही? साम्रदची सांदण दरी बघून या. खरं कॅन्यनिंग युटाच्या वालुकाश्मातच होत असेल तर फ्रेंचांनी पाण्यासाठी वेगळी श्रेणी कशाला केली? उलट आपला कातळ जास्त फसवा. काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये लाल मऊ थर असतो, आणि पावसाळ्यानंतर पहिल्या उतराईला दगड सुटतात. दोर अडकवायला कातळात बोल्ट ठोकण्याआधी हातोडीने वाजवून बघा. आवाज पोकळ आला तर पुढे सरका.

पावसाळ्यात धबधब्यांवर जिल्हा प्रशासनाची बंदी असते तेव्हा आम्ही जात नाही. हेही तुम्ही विचारलं होतं, बहुधा अडकवण्यासाठी.

तुमची पहिली प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवली आहे, माकडांसकट. दुसऱ्या प्रतिक्रियेतलं शेवटचं वाक्य मात्र उडवलं आहे. त्यात माझ्या घरच्यांचा उल्लेख होता, आणि घरचे दोरावर चढत नाहीत. यापुढे दोराबद्दल काही विचारायचं असेल तर इथेच विचारा, उत्तर देईन.