देर अल-मदीनाचे कारागीर गुलाम होते? एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

देर अल-मदीना म्हणजे प्राचीन इजिप्तमध्ये थीब्ज शहराजवळचं, राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचं गाव. त्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : "राजाच्या थडग्यात राबणारे गुलामच होते, त्यांना पगारदार ठरवून इतिहास गोड करू नका. एका गावावरून सगळ्या इजिप्तबद्दल बोलता येत नाही. घरबसल्या कॉपी-पेस्ट करणं सोपं असतं."

मतभेदाचं मला वावडं नाही. पण 'कॉपी-पेस्ट'? ज्याला आपण ओळखत नाही त्याच्या मेहनतीवर असा शिक्का मारायची ही कुठली रीत? कॉलेजात असल्यापासून या गावाबद्दल हाती लागेल ते वाचत आलोय. ते आपल्याला दिसणार नाही, मान्य. पण न दिसणाऱ्या गोष्टीवर शेरा तरी मारू नये.

आता 'गुलाम'. गावात गुलाम नव्हतेच असं मी म्हणत नाही. सरकारकडून दळणासाठी दासी मिळत, एवढं आपलं बरोबर. पण त्या कोणासाठी दळत होत्या? याच कारागिरांच्या घरांसाठी! साध्या कारागिराला महिन्याला चार खार खपली गहू आणि दीड खार जव मिळत. चार खार म्हणजे सुमारे ३०० लिटर. गावात विहीर नव्हती, म्हणून पाणी गाढवांवरून येई आणि पाणके सरकारने नेमलेले असत. कपडे धुवायला धोबीसुद्धा.

राजा दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या ४०व्या वर्षाचं हजेरीपत्रक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, चुनखडीच्या मोठ्या तुकड्यावर लिहिलेलं. कोणाचा खाडा कधी आणि का, ते त्यात आहे. तारीख काळ्या शाईत, कारण वर लाल शाईत. कोणी आजारी, कोणाला विंचू चावलेला, कोणी आईच्या प्रेताला कापड गुंडाळण्यात गुंतलेला, तर कोणी चक्क घरी बिअर गाळतोय. बिअर गाळायला सुट्टी कोणत्या गुलामाला मिळते, तेवढं सांगा.

आणि संप? तिसऱ्या रामसेसचं २९वं वर्ष, इ.स.पू. ११५७च्या आसपास. धान्य थकलं तेव्हा ही माणसं हत्यारं ठेवून चौक्या ओलांडून गेली आणि राजांच्या स्मारकमंदिरांपाशी जाऊन बसली. भूक आणि तहान आम्हाला इथे घेऊन आली, कपडा नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, हे फेरोला कळवा, असं त्यांनी अधिकाऱ्यांना तोंडावर सांगितलं. त्यानंतर थकलेलं धान्य मिळालंही. माझे वडील मुंबईत गिरणीच्या साचाखात्यात होते. ब्याऐंशीच्या संपात घरातले डबे रिकामे होताना मी पाहिलेत. काम बंद करून बसणाऱ्या माणसाला गुलाम म्हटलेलं मला चालत नाही, मग तो परळचा असो की थीब्जचा. हे मला आपल्याकडून शिकायचं नाही.

नौनख्ते नावाच्या बाईने, एका कारागिराच्या बायकोने, पाचव्या रामसेसच्या काळात पंचांसमोर मृत्युपत्र केलं आणि म्हातारपणी न सांभाळणाऱ्या मुलांना आपल्या वाट्यातून वगळलं. गुलामाच्या घरात वाटणीला काय असतं?

राहिला 'एका गावाचा' मुद्दा. लेख त्या गावावरच होता. शेतकऱ्यांवर लिहायचं तेव्हा लिहीन.

पुढची प्रतिक्रिया जरूर लिहा, पण नावानिशी. 'कॉपी-पेस्ट' पुन्हा दिसलं तर ती काढून टाकेन.