भोमच्या वळणावर सिल्व्हरस्टोन

पणजीच्या अटल सेतूवर गाडी ऐंशीच्या वर गेली की ज्याच्या तळहातांना घाम सुटतो, त्या माणसाच्या हाती ताशी तीनशेने धावणारी गाडी देऊ नये. माझ्या भाच्याने ती दिली, आणि तीही चतुर्थीत. पुण्याहून चतुर्थीला आलेली मुलं आरती आणि जेवण यांच्या मधल्या वेळात वडीलधाऱ्यांच्या फोनचं काहीतरी करून जातात. आम्ही गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधण्यात गुंतलेले असतो, त्यामुळे गुन्हा उशिरा उघडकीला येतो.

"मामा, एकदम रिअलिस्टिक गेम आहे. खरी गाडी चालवल्यासारखंच वाटतं."

खरी गाडी मी फोंडा-पणजी रस्त्यावर चालवतो. त्यामुळे ही जाहिरात होती की धमकी, ते मला कळेना.

गेममधले ट्रॅक मात्र खरे आहेत, हे मान्य करावं लागेल. इंग्लंडमधलं सिल्व्हरस्टोन आहे, ५.८९१ किलोमीटर लांब, १८ वळणांचं. दुसऱ्या महायुद्धात तिथे विमानतळ होता. कॅलिफोर्नियातलं लागुना सेका आहे. तिथल्या 'कॉर्कस्क्रू' नावाच्या वळणावर रस्ता डावी-उजवी घेत जवळजवळ १८ मीटर खाली कोसळतो. आणि जर्मनीतलं न्यूर्बुर्गरिंग आहे, ज्याची जुनी वाट २० किलोमीटरच्या वर लांब आहे, म्हणजे आमच्या फोंड्याहून जुनं गोवं गाठावं जवळपास तेवढी. जॅकी स्टुअर्ट या जगज्जेत्या ड्रायव्हरने तिला 'हिरवा नरक' म्हटलं. त्या सद्गृहस्थांना कुणीतरी जुलै महिन्यात चोर्ला घाटातून, पुढे खनिजाचा ट्रक आणि मागे बेळगावची बस अशा अवस्थेत न्यायला हवं होतं. मग त्यांनी शब्द जपून वापरले असते.

आई माझ्या खांद्यावरून बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "रस्त्यार एक गोरूं दिसना. कसलो रे हो गांव?"

तिने दुखऱ्या नसेवरच बोट ठेवलं. रस्त्यात गुरं नाहीत. सायकलवर भोंगा वाजवत पाव विकायला येणारा पोदेर नाही. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची जीप भर रस्त्यात उभी करून "बागा बीच किधर है?" विचारणारं कुटुंब नाही. टायर किती तापलं, इंजिनाचा आवाज बोगद्यात कसा घुमतो, याचा हिशेब गेममध्ये चोख. पण समोरचा उजवा इंडिकेटर देऊन डावीकडे वळला, असं काही होत नाही. इंडिकेटरच नाही. ती एक गोष्ट मात्र अगदी वास्तवाला धरून आहे.

सुरुवातीला गेम तुम्हाला मदत करतो. ब्रेक तोच मारतो, स्टिअरिंग तोच सावरतो, चाकं घसरू लागली तर तोच जोर कमी करतो, शिवाय रस्त्यावर रंगीत पट्टाही आखून देतो: हिरवा असेल तिथे दामटा, लाल झाला की आवरा. माझा पहिला नंबर आला. घरात सांगितलंही. मग भाच्याचा फोन आला की हे सगळं बंद कर, तरच खरं ड्रायव्हिंग. बंद केलं. त्या दिवसापासून मी मोटार चालवत नसून गवत कापतो आहे.

आणि गवतातून बाहेर आलो की गॅरेज. ही त्या गेमची खरी करामत. शर्यती झाल्या की ऑइल बदला, ब्रेक बघा, बंपर सरळ करा. प्रत्येक कामाला वेळ लागतो, तोही खराखुरा, आपल्या घड्याळातला. थांबायचं नसेल तर सोन्याची नाणी मोजा. नाणी संपली तर बँकेतले रुपये मोजून नवी घ्या. एका दुपारी सौभाग्यवतींच्या फोनवर पैसे कापल्याचा संदेश गेला, कारण खातं जोडीचं आहे.

"अहो, हे कशाचे?"

"ऑइल बदललं."

"कुठल्या गाडीचं?"

यावर देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण आमची खरी गाडी त्याच वेळी खऱ्या गॅरेजात उभी होती. तिचा एक पार्ट बेळगावहून येणार होता. गोव्यात गाडीचा कुठलाही पार्ट बेळगावहून येतो, आणि तो नेहमी 'काल निघालेला' असतो. मेस्त्रीला फोन करावा तर तो उचलत नाही. इकडे गेमवाला मेस्त्री मात्र रात्री दोन वाजता फोन उजळवून कळवतो: 'तुमची गाडी तयार आहे!' पहिल्यांदा हा संदेश आला तेव्हा बायको झोपेतून उठून बसली आणि म्हणाली, "एवढ्या रात्री? बरा दिसतोय हो हा मेस्त्री." सत्य सांगितल्यावर ती जे म्हणाली ते इथे लिहिण्यात अर्थ नाही.

गाडी गॅरेजात, म्हणून मी बसने जाऊ लागलो, आणि वेळ जावा म्हणून बसमध्ये खेळू लागलो. हातातला फोनच स्टिअरिंगसारखा कलता करायचा, अशी या गेमची सोय. आता यातलं शास्त्र असं की फोनला आपण किती कललो हे आतल्या ॲक्सेलरोमीटरवरून कळतं, आणि त्या बिचाऱ्याला खरं कलणं आणि वळणावर बसणारा हिसका यांतला फरक सहजी करता येत नाही. बस डावीकडे वळली की आपण उजवीकडे कलंडतो; फोनलाही वाटतं, आपण उजवीकडे कललो. म्हणजे माझी गाडी मी चालवतच नव्हतो. ती आमच्या मिनीबसचा ड्रायव्हर चालवत होता, आणि तीही उलटी.

फर्मागुडीच्या उतरणीवर त्याने दोन दुचाक्यांना ओलांडलं, तेव्हा सिल्व्हरस्टोनवर मी आधी डावीकडे आणि मग उजवीकडे साफ निघून गेलो. मंगेशीला भाविक उतरले, तेवढ्यात एक सरळ पट्टा शांतपणे मिळाला. कुंडईला कामगारांची गर्दी आत आली, "फुडें वच, फुडें वच" करत कंडक्टरने दोन माणसं माझ्या गुडघ्यांवर रचली, आणि फोन छातीशी धरून मला १८ वळणांपैकी जमतील तेवढी घ्यावी लागली. एव्हाना आजूबाजूच्यांना शर्यतीत रस उत्पन्न झाला होता. "पात्रांव, ब्रेक मार!" असं मागून कुणीतरी ओरडलं. बसच्या ड्रायव्हरला वाटलं ते त्यालाच. त्याने मारला. उभे असलेले सगळे पुढे गेले आणि मी पाचव्या नंबरवरून शेवटी. तरीही जुनं गोवं यायच्या आत फेरी पूर्ण झाली. सगळी मदत बंद ठेवून सिल्व्हरस्टोनवर माझी पूर्ण झालेली एकमेव फेरी ती.

पुढचा प्रकार मला कुणी सांगितलाच नव्हता. तुम्ही फेरी पूर्ण केली की तिची नोंद तुमच्या मित्रमंडळींच्या फोनवर जाते, आणि ती खेळायला बसली की तुमची अर्धपारदर्शक गाडी त्यांच्या शेजारून जशीच्या तशी धावते. हिला 'घोस्ट' म्हणतात. आई म्हणाली, म्हणजे देवचार. आमचा देवचार रात्री गावाची शीव राखत फिरतो. माझा रात्री पुण्याला कोथरूडमध्ये शर्यती करतो आणि मी इकडे फोंड्यात घोरत पडलेला असतो.

मध्यरात्री भाच्याचा फोन आला.

"मामा, हँगर स्ट्रेट सरळसोट पट्टा आहे. तिथे तू उजवीकडे गवतात का घुसलास?"

"भोम आलं होतं. तिथे रस्ता डावीकडे वळतो."

"आणि पुढे मध्येच नुसता उभा राहिलास?"

"कंडक्टरला सुटे देत होतो."

तो बराच वेळ गप्प होता. मला वाटलं, रेंज गेली. पण तो विचार करत होता. त्याच्या हॉस्टेलमधली पोरं आता हँगर स्ट्रेटवर मुद्दाम गवतातून जाऊन बघतायत म्हणे, वेळ वाचतो का ते.