कोकरू उठून चाललं, पुढे?

तो व्हिडिओ पुन्हा फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. कृत्रिम गर्भाशय म्हणून बनवलेल्या पारदर्शक पिशवीतल्या पाण्यात तरंगणारं, झोपेत पाय झाडणारं कोकरू. २०१७ चा आहे, फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयातला. खाली नेहमीचे दोन तट: प्राण्यांवरच्या अशा प्रयोगांना एक हात जोडणारा, दुसरा शिव्या घालणारा. मी बरीच वर्षं दुसऱ्या तटात होते. आता नाही. पण पहिल्यातही गेलेले नाही.

माझं मत बदललं ते १९९५ च्या एका प्रयोगामुळे. स्पायना बिफिडा म्हणजे पाठीचा कणा नीट न मिटल्याने मज्जारज्जू उघडा राहणं. पायांतली ताकद जाते, लघवी-शौचावर ताबा राहत नाही. शल्यचिकित्सक मार्टिन म्यूली आणि सहकाऱ्यांना शंका होती की अर्धं नुकसान नंतर होतं, उघड्या मज्जेला गर्भजल आणि घर्षण लागून लागून. ते पाहायचं कसं? त्यांनी पंचाहत्तराव्या दिवसाच्या आसपास पोटातल्या कोकरांची पाठ उघडी केली आणि काहींची शंभराव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा झाकली. मेंढीचे दिवस साधारण १४५ ते १५० दिवसांत भरतात. न झाकलेली कोकरं लुळी जन्मली. झाकलेली उठून चालली.

वाचून अंगावर काटा येतो, दोन्ही अर्थांनी. धडधाकट कोकराला मुद्दाम अधू करायचं, हे मला आजही गोड वाटत नाही. पण हे माणसाच्या बाळावर आधी करून बघा, असं मला तरी कुणाला सांगता येणार नाही.

आता गोम. मेंढीचं गर्भाशय फार सोशीक. कापा, शिवा, बहुतेक वेळा ती निमूटपणे दिवस भरवते. बाईचं तसं नाही. चिरलं की आकुंचन पावतं, कळा सुरू होतात. म्हणून सॅन फ्रान्सिस्कोत, गर्भावर शस्त्रक्रिया करू पाहणाऱ्या मायकेल हॅरिसन यांच्या गटाला मेंढ्यांबरोबर माकडिणींवरही काम करावं लागलं. भूल कशी द्यायची, कळा कशा थोपवायच्या, गर्भाशय कसं शिवायचं हे तिथे शिकले. आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्नही तिथेच विचारला गेला: या माकडिणींना पुढे पुन्हा गर्भ राहतो का? राहत होता. १९८१ मध्ये पहिल्यांदा एका बाईचं गर्भाशय उघडून बाळाच्या तुंबलेल्या लघवीला वाट करून दिली गेली. ते बाळ जन्मानंतर वाचलं नाही.

आईचा मुद्दा मी उगाच रेटत नाहीये. या शस्त्रक्रियेत सुरी तिच्या पोटावर चालते आणि तिच्या शरीराला फायदा शून्य. स्पायना बिफिडावरच्या २०११ च्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत गर्भातच पाठ झाकलेल्या मुलांपैकी ४२ टक्के अडीच वर्षांची होईतो आधाराशिवाय चालत होती. जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत २१ टक्के. दुपटीचा फरक, मान्य. पण प्रसूती सरासरी चौतिसाव्या आठवड्यातच झाली, सुमारे एक तृतीयांश आयांच्या गर्भाशयाचा व्रण पातळ पडला किंवा उसवू लागला, आणि या शस्त्रक्रियेनंतर सगळ्याच आयांना पुढच्या प्रत्येक बाळंतपणात सिझेरियनच. "सुरक्षित" म्हणताना कुणासाठी, हे आधी सांगा.

शिवाय मेंढी कधी कधी सरळ फसवते. श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला, भोक असलं की पोटातले अवयव छातीत चढतात आणि फुप्फुसं वाढत नाहीत. हॅरिसन यांनी कोकराच्या छातीत फुगा फुगवून तशीच स्थिती आणली, नंतर फुगा काढल्यावर फुप्फुसं वाढली. छानच! पण त्या कोकरांत यकृत वर सरकलेलंच नव्हतं. माणसाच्या गंभीर आजारी गर्भात ते सरकलेलं असतं, आणि खाली ओढलं की नाळेतून येणारी शीर मुडपून बाळाचा रक्तपुरवठाच तुटतो. भोक शिवायचा तो मार्ग सोडावा लागला. मग श्वासनलिका तात्पुरती बंद करून फुप्फुस आतल्या पाण्याने फुगवायची कल्पना आली, तीही मेंढ्यांवरूनच. २००३ च्या चाचणीत फायदा दिसला नाही. २०२१ मध्ये, श्वासनलिकेत इवलासा फुगा ठेवून तो चौतिसाव्या आठवड्यात काढायचा या पद्धतीने, सर्वांत गंभीर गटातली ४० टक्के बाळं घरी गेली. एरवी १५ टक्के जात होती. पहिल्या कोकरापासून इथवर चाळीस वर्षं लागली.

म्हणून "प्राण्यांत यशस्वी" हा मथळा दिसला की मी दोनच गोष्टी शोधते: कुठला प्राणी, आणि तो माणसापेक्षा नेमका कशात वेगळा. पिशवीतल्या कोकराचंच घ्या. त्याची फुप्फुसं तेवीस-चोवीस आठवड्यांच्या बाळाइतकीच कच्ची होती, हे खरं. पण अंगाने ते त्या बाळाहून बरंच मोठं, आणि मेंदू पुढे गेलेला. एवढ्या लवकर जन्मलेल्या बाळाला ज्याची सर्वांत भीती, त्या मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका कोकराला तसा नसतोच. तेव्हा ते पिशवीत चार आठवडे सुखाने झोपलं, यावरून आपल्या बाळाच्या मेंदूबद्दल फारसं काही कळत नाही.