एलडॅप लावलं की झालं? नाही होत

"दहा-वीस लिनक्स मशीन आहेत ना? मग एलडॅप लावा आणि मोकळे व्हा. कर्बेरॉस जुनाट आहे, घड्याळ जरा हललं की अडतं, आणि मुख्य सर्व्हर पडला की सगळे बाहेर." सिस्टिम ॲडमिन मंडळींच्या ग्रुपवर हा सल्ला सतत फिरतो. एलडॅप आणि कर्बेरॉस, दोन्ही वापरतात ते अनेक मशीनवर एकाच खात्याने लॉगिन करता यावं म्हणून. नवी मुलं तो वाचून तसंच करून टाकतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी "एलडॅप लावलं की झालं." एलडॅप ही मुळात नोंदवही. कोणाचा युझर आयडी किती, होम डिरेक्टरी कुठली, हे ती सांगते. युनिक्समध्ये हे प्रश्न एनएसएस या नावं-आयडी शोधणाऱ्या भागाकडे जातात. समोरचा माणूस खरंच तोच आहे का, हा प्रश्न पॅम या ओळख तपासणाऱ्या भागाकडे. दोन्हींची उत्तरं एलडॅपकडून घेता येतात, हे खरं. पण तेव्हा ज्या मशीनवर लॉगिन करताय तिच्या हातात तुमचा पासवर्ड जसाच्या तसा पडतो, आणि ती तो एलडॅप सर्व्हरला दाखवून खात्री करून घेते. टीएलएसमुळे, म्हणजे नेटवर्कवरच्या एन्क्रिप्शनमुळे, वाटेत कोणी तो वाचू शकत नाही. पण मशीनच चोराच्या ताब्यात असेल तर? वीसपैकी एकीवर कुणी रूट (पूर्ण ताबा) मिळवला की तिथे लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाचा पासवर्ड गेला, आणि तोच पासवर्ड उरलेल्या एकोणीस मशीनवरही चालतो.

कर्बेरॉसमध्ये सकाळी स्वतःच्या लॅपटॉपवर 'केइनिट' ही कमांड चालवून पासवर्ड द्यायचा. पासवर्ड लॅपटॉपच्या बाहेर पडत नाही. त्याच्यापासून बनलेल्या किल्लीने केडीसीचं, म्हणजे तिकिटं देणाऱ्या मुख्य सर्व्हरचं, उत्तर तिथल्या तिथे उलगडतं आणि तिकीट मिळतं. मग एखाद्या सर्व्हरवर एसएसएच (दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) करा आणि लॅपटॉपवर तिकिटांची यादी दाखवणारी 'केलिस्ट' चालवा. मूळ तिकिटाखाली त्या सर्व्हरच्या नावाची नवी ओळ दिसेल. ते तिकीट त्या एका सर्व्हरपुरतं आणि ठरावीक तासांपुरतंच.

मात्र एक पथ्य आहे. सर्व्हरवर नुसतं पॅमचं कर्बेरॉस मॉड्यूल बसवलं आणि एसएसएचला पासवर्डच टाइप करत राहिलात, तर पासवर्ड पुन्हा सर्व्हरच्या हातात. सर्व्हरवर कीटॅब (सर्व्हरच्या स्वतःच्या किल्लीची फाइल) हवा आणि एसएसएचमध्ये जीएसएसएपीआय, म्हणजे पासवर्डऐवजी तिकीट दाखवण्याची सोय, दोन्ही बाजूंना चालू हवं. हे न करताच "कर्बेरॉसने काही फरक पडला नाही" म्हणणारे मी बरेच पाहिलेत.

"जुनाट" म्हणाल तर कर्बेरॉस ज्यातून आलं तो एमआयटीचा अथेना प्रकल्प 1983चा, हे कबूल. पण पाचवी आवृत्ती 1993 साली आली, तिचा मानक दस्तऐवज 2005 मध्ये नव्याने लिहिला गेला, डीईएस हे जुनं एन्क्रिप्शन मागे पडून एईएस आलं. विंडोज डोमेनही 2000 सालापासून यावरच चालतात.

घड्याळाचं म्हणणं अर्धंच खरं आहे. सहसा पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालतो; जुना संदेश चोरून पुन्हा वापरता येऊ नये म्हणून ही मर्यादा. एका लॅबमध्ये एका मशीनची मदरबोर्डवरची बॅटरी संपली होती. वीज जाऊन आली की घड्याळ काही वर्षं मागे. तिथे कर्बेरॉस नव्हतंच, टीएलएसवरचं एलडॅप होतं, तरी लॉगिन बंद! त्या घड्याळाच्या हिशोबाने सर्व्हरच्या टीएलएस सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच व्हायचं होतं. बॅटरी बदलली, नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारं क्रोनी बसवलं, विषय संपला. घड्याळ दोन्हीकडे नीट लागतंच.

केडीसी पडला तर? हातातली तिकिटं मुदत संपेपर्यंत चालतात, आणि दुसरा केडीसी ठेवता येतो. एलडॅप एकटाच असेल आणि पडला, तर युझर आयडीसुद्धा मिळत नाही. एसएसएसडी (मशीनवरच माहिती साठवून लॉगिन सांभाळणारी सेवा) हिची कॅश दोन्ही बाबतींत वेळ मारून नेते, पण पासवर्ड कॅश करण्याचा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो.

तीन-चारच मशीन असतील तर यातलं काहीच नको, एसएसएचच्या किल्ल्या पुरेत. त्याच्या पुढे गेलात तर पहिले दोन दिवस त्रास होईल, आणि तो बहुतेक नावांचा असेल. डेबियन इन्स्टॉलर होस्ट्स फाइलमध्ये मशीनचं नाव 127.0.1.1 ला बांधतो. तिथे पूर्ण नावाआधी छोटं नाव लिहिलेलं असलं की कीटॅबमधलं नाव जुळत नाही. कीटॅब बनवण्याआधी प्रत्येक मशीनवर 'होस्टनेम -एफ' चालवून पूर्ण नाव येतंय का, तेवढं पाहून घ्या.