मानाचे क्लब

"काका, तुम्ही फोटो काढा ना. तसाही तुमचा क्लब छोटाय."

गेल्या रविवारी सकाळी कर्वेनगरातल्या एका अमृततुल्यासमोर हे मला ऐकवण्यात आलं. टर्फवर खेळून झालं होतं, चहा सांगून झाला होता आणि पोरांना हुक्की आली की इंग्लिश फुटबॉलमधल्या 'बिग क्लब्ज'चा एक फोटो होऊन जाऊ दे. युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल, चेल्सी, सिटी असे जर्सीवाले रांगेत उभे राहिले. मी नॉटिंगहॅम फॉरेस्टची लाल जर्सी घालून रांगेच्या टोकाला सरकलो, तर सिटीवाल्याने अतिशय प्रेमाने दंडाला धरून मला बाहेर काढलं आणि माझ्या हातात त्याचा मोबाइल ठेवला. वर 'काका'. चाळिशी मला डोळ्यांना लागली आहे, पायांना नाही. त्याच सकाळी त्याच्या दोन पायांमधून मी बॉल काढला होता, हे तो सोयीस्कर विसरला.

फोटो काढला. तिघांची डोकी उडवायचा मोह झाला होता, पण आवरला.

आता छोटा क्लब म्हणजे काय ते ऐका. १९७७ मध्ये फॉरेस्ट दुसऱ्या डिव्हिजनमध्ये तिसरे येऊन कसेबसे वर चढले. पुढच्याच हंगामात, १९७७-७८ला, त्यांनी थेट लीग जिंकली. दुसऱ्या नंबरच्या लिव्हरपूलच्या सात गुण पुढे, आणि तेही जिंकण्याला दोनच गुण मिळायचे त्या काळात. ४२ सामन्यांत हार फक्त तीन. वर चढल्या चढल्या चॅम्पियन होणं इंग्लंडमध्ये त्यानंतर कुणालाही जमलेलं नाही. मॅनेजर ब्रायन क्लफ आणि त्याचा जोडीदार पीटर टेलर या दोघांनी इतरांनी ओवाळून टाकलेली माणसं गोळा केली. केनी बर्न्स हा फॉरवर्ड. त्याला मागे नेऊन डिफेंडर केला, आणि तो त्या वर्षीचा फुटबॉलर ऑफ द इयर झाला. लेफ्ट विंगला जॉन रॉबर्टसन. अंगाने सुटलेला, सिगारेटी फुंकणारा, क्लफ त्याला चारचौघांत गबाळा म्हणायचा. पण म्युनिकच्या फायनलमध्ये, हाफटाइम व्हायला आला असताना, हा गबाळा माणूस दोन डिफेंडरांना बगल देत थेट रेषेपर्यंत गेला आणि त्याने असा क्रॉस टाकला की पलीकडच्या पोस्टजवळ ट्रेव्हर फ्रान्सिसला फक्त डोकं लावायचं उरलं. १९७९चा युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग. पुढच्या वर्षी माद्रिदला हॅम्बुर्गविरुद्ध गोल खुद्द रॉबर्टसनचा, आणि दुसरा कप. लीग एकदा आणि युरोपियन कप दोनदा, असं उलटं खातं असलेला दुसरा क्लब अख्ख्या युरोपात नाही.

हे सगळं मी सांगितलं. सिटीवाला कटिंग फुंकत म्हणाला, "हो, पण ते कधीचं? तेव्हा आपल्याकडे कलर टीव्ही तरी होता का?"

"तुम्हाला पहिला युरोपियन कप मिळाला २०२३ला," मी म्हणालो.

"हिस्टरी नका ना सांगू काका. नेट स्पेंड किती ते बोला."

नेट स्पेंड, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीत खिशातून गेलेला निव्वळ पैसा! या पोराने आयुष्यात स्वतःच्या खिशातून टर्फचे पैसे वेळेवर काढलेले नाहीत. दर वेळी 'जीपे करतो' म्हणतो आणि बुधवारी आठवण करावी लागते. आर्सेनलवाला मधे पडला, की नुसतं जिंकण्याने क्लब मोठा होत नसतो, 'इन्विन्सिबल्स' कोण होते सांगा. त्याला मी सांगितलं की २००३-०४मध्ये तुम्ही न हरता लीग काढलीत, कबूल. पण तुमच्या त्या ४९ सामन्यांच्या आधी लीगमध्ये न हरण्याचा विक्रम ४२ सामन्यांचा होता, तो कुणाचा? फॉरेस्टचा. आणि अंगात घातलाय तो लाल रंग सुरुवातीला तुम्हाला कुणी दिला? फॉरेस्टने दिला, जुने शर्ट पाठवून. त्याने लगेच मोबाइल काढून तपासलं, खरं निघालं म्हणून चेहरा पाडला आणि म्हणाला, "तरी पण छोटाच."

तेवढ्यात बाकावरून आवाज आला.

"मोठा म्हणजे नक्की काय? मान मोठा, की गर्दी मोठी?"

बाकावर सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. पायात सँडल आणि मोजे, मांडीवर घडी घातलेला पेपर, हातात क्रीमरोल. क्रीमरोल ते चहात बुडवत नव्हते. चहाच्या वर धरून वाफ देत होते. बुडवला की क्रीम सुटतं, वाफेवर नुसता मऊ पडतो, हे त्यांनी मला नंतर न विचारता सांगितलं.

"पुण्यात मानाचे गणपती किती?" त्यांनी सिटीवाल्याला विचारलं.

"पाच."

"नावं?"

"दगडूशेठ..."

क्रीमरोल हवेत थांबला. चहावाल्यानेही गाळणी खाली ठेवली. "राहता कुठे तुम्ही?" "बावधन." "मग बरोबर आहे," असं म्हणून त्यांनी एकेका बोटावर मोजून दाखवलं. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. "दगडूशेठ यात नाही. गर्दी कुठे जास्त? दगडूशेठला. म्हणून काय कसबा छोटा झाला? अहो, गर्दीला कोण विचारतं, मिरवणुकीत पुढे कोण ते बघायचं असतं."

मला गहिवरून आलं. इतक्या वर्षांत माझी बाजू इतकी नेटकी कुणी मांडली नव्हती, आणि या माणसाला फुटबॉलमधलं ओ की ठो माहीत नव्हतं.

"आता स्थापनेची सालं सांगा," त्यांनी कोर्ट भरवलं. चेल्सी १९०५. "कालचं पोर." आर्सेनल १८८६. सिटी १८८०, युनायटेड १८७८. "ठीक." लिव्हरपूल १८९२. "हे साल पुण्यात मोठ्याने बोलू नका. पहिला सार्वजनिक गणपती ९२ला की ९३ला, यावरून अजून भांडणं चालू आहेत." मग माझा नंबर. मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो, "१८६५."

"मिटलं," गृहस्थ म्हणाले. "पासष्टवाले पुढे." मी सिटीवाल्याकडे बघितलं. तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता, आणि नको ते शोधत होता.

"काका, नॉट्स काउंटी बघा. १८६२. नॉटिंगहॅमचाच आहे. नदीच्या पलीकडच्या काठावर."

गृहस्थांनी माझ्याकडे वळून चष्मा वर केला. "तुमच्या गावात तुमच्या आधीचं मंडळ आहे?"

"आहे, पण ते आता खालच्या..."

"खालच्या-वरच्याचा प्रश्न नाही. ग्रामदैवत ते. तुम्ही तांबडी जोगेश्वरी." थोडं थांबून म्हणाले, "वाईट नाही. दुसरा मानही मानच."

मी काही बोलणार तोवर त्यांचा पुढचा प्रश्न, मैदान कुठे? मी म्हटलं, ट्रेंट नदीच्या काठावर, ट्रेंट ब्रिजच्या शेजारी. इथे ते चक्क उठून उभे राहिले. "ट्रेंट ब्रिज? झहीरचं ट्रेंट ब्रिज?" आणि २००७ची अख्खी कसोटी सुरू झाली. झहीर बॅटिंगला आला तेव्हा इंग्लंडच्या पोरांनी क्रीजवर जेली बीन्स टाकल्या, त्याची सटकली, आणि दुसऱ्या डावात त्याने पाच काढले. "श्रीरामपूरचा पोरगा! गोळ्या टाकतात त्याच्या पुढ्यात!" हे सांगताना त्यांनी अमृततुल्याच्या पायरीवर अर्धा रनअप घेतला, एक स्कूटर थांबली, आणि क्रीमरोलचा उरलेला तुकडा फेकल्यासारखा करून त्यांनी तो खाल्ला. "तुमचा क्लब झहीरच्या शेजारी आहे हे आधी सांगायचं ना. उगाच रॉबर्टसन-फ्रान्सिस करत बसलात."

म्हणजे दोन युरोपियन कप एकीकडे आणि शेजारचं क्रिकेटचं मैदान एकीकडे. असो. या देशात फुटबॉलवाल्याने अपेक्षा तरी कसल्या धरायच्या?

"आणि हल्ली कसं काय चाललंय?" त्यांनी विचारलं. मला हाच प्रश्न टाळायचा होता. नव्वदच्या दशकात, केबल नवीनच आली होती तेव्हा मी फॉरेस्ट धरला. १९९५ला ते तिसरे आले होते. १९९९ला जे खाली गेले ते २०२२ला वर आले. मधली तीन वर्षं तर तिसऱ्या पातळीवर. युरोपियन कप जिंकून तिथवर उतरणारा पहिला क्लब.

"तेवीस वर्षं मिरवणुकीतच नाही? मांडव तरी घालत होते का?"

"घालत होते. लोकही यायचे, हजारोंनी."

"मग हरकत नाही," ते म्हणाले आणि निकाल संपला असं वाटलं. पण जाता जाता त्यांनी विचारलं, "बरं, आणि आपला पुण्याचा कुठला?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. इतका वेळ इंग्लंडच्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा हिशेब तोंडपाठ होता, आणि याचं उत्तर एकालाही येईना. मग मीच सांगितलं. पुणे एफसी, २००७ला निघाला, २०१२-१३च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये, चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग दुसरा आला. देशात दुसरा! २०१५ला आवरला. त्याच सुमारास भारत एफसी नावाचा एक बालेवाडीत एकच हंगाम खेळून गेला. मग एफसी पुणे सिटी. फ्रान्सला वर्ल्ड कप जिंकून देणाऱ्या टीममधला ट्रेझेगे, हो तोच, आपल्या बालेवाडीत खेळला. २०१७-१८ला सेमीफायनल गाठली, घरी बंगळुरूला शून्यावर रोखलं, आणि तिकडे जाऊन सुनील छेत्रीचे तीन गोल खाल्ले. २०१९ला त्यांची इंडियन सुपर लीगमधली जागा गेली हैदराबादला.

मी जायचो बालेवाडीला. चांदणी चौकात तास घालवून. पायऱ्यांवर बसलं की पाठीमागचा माणूस नव्वद मिनिटं फोनवर फ्लॅटचा व्यवहार करायचा. माझ्या ओळखीचे जेवढे लोक रात्री दीड वाजता उठून माद्रिद बघतात, त्यातला एकही तिथे कधी दिसला नाही. फुकट पास देतो म्हटलं तर 'लांब पडतं' म्हणायचे. कोथरूडहून बालेवाडी लांब आणि लिव्हरपूलचं अ‍ॅनफिल्ड जवळ! तीन क्लब या गावातून गेले आणि गावाला पत्ता नाही; साधी मिरवणूक सोडा, रस्त्यावर कुणी नारळही फोडला नाही. आणि आता दर रविवारी मोठा कोण आणि छोटा कोण. माझा आवाज चढला असावा, कारण चहावाल्याने न विचारता दुसरा चहा आणून ठेवला. त्याचे पैसे मात्र घेतले.

"पुणे सिटी म्हणजे छातीवर घोडा होता तो?" गृहस्थ म्हणाले. "आहेत की आमच्याकडे दोन टी-शर्ट. जावयाने आणले होते. स्कूटर पुसतो त्याने."

मी नुसता बघत राहिलो.

"वाईट वाटून घेऊ नका. कापड एक नंबर आहे. अजून धागा सुटला नाही."

"काका," सिटीवाला एकदम जागा झाला, "विंटेज झाला हो तो आता! एक मला द्याल?"

"देईन की," गृहस्थ पेपर काखेत मारत म्हणाले. "कुठला हवाय, सीटचा की चाकाचा?"